भट्टीनंतरची आच : कमावलेल्या पोलादाचे मशीनिंग आणि त्याची कातडी

पोलादी भागाचे आयुष्य बहुतेक वेळा त्याच्या कातडीवर ठरते. वाकणाऱ्या किंवा पिळल्या जाणाऱ्या शाफ्टमध्ये सर्वांत मोठा ताण पृष्ठभागावर येतो, गिअरचे दात एकमेकांवर चढतात ते पृष्ठभागानेच, आणि थकव्याची पहिली भेगही बहुधा तिथेच उमटते. मऊ पोलाद अशा जागी थोडेसे सरकून ताण वाटून घेते. हीट ट्रीटमेंट करून कमावलेल्या उच्च बळाच्या पोलादाला ती सवलत नसते. त्यामुळे ज्या पोलादाकडून अपेक्षा सर्वांत जास्त, त्याच पोलादाची कातडी सर्वांत नाजूक, असा हा उलटा व्यवहार आहे.

‘उच्च बळ’ कुठून सुरू होते याला एकच रेषा नाही. हार्ड क्रोम चढवलेल्या व कमावलेल्या पोलादाच्या ग्राइंडिंगसाठी अमेरिकेच्या लष्करी मानकात, एमआयएल-एसटीडी-८६६ मध्ये, दर चौरस इंचाला १,८०,००० पौंड ही सीमा धरली आहे. म्हणजे सुमारे १२४० मेगापास्कल. त्याखालच्या पोलादाला मशीनिंगचा त्रास होतच नाही असे नाही, पण त्यावर गेल्यावर निष्काळजीपणाची किंमत झपाट्याने वाढते. विमानाच्या लँडिंग गिअरला लागणारे ४३४० किंवा ३००एम, मोटारीच्या गिअरबॉक्समधले केस-हार्डन केलेले २०एमएनसीआर५, बेअरिंगचे ईएन३१ आणि डायसाठीचे एचसीएचसीआर ही सगळी कुळे या ना त्या अर्थाने याच विषयात येतात.

दिल्लीभोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात हा विषय रोजच्या रोटीचा आहे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून उभी राहिलेली फरीदाबादची वसाहत पुढे ट्रॅक्टर आणि यंत्रसामग्रीचे गाव झाली. १९७९ पासून शेजारच्या बल्लभगडमध्ये जेसीबीची खोदयंत्रे तयार होऊ लागली. डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून मारुतीची पहिली मोटार बाहेर पडली आणि सुट्या भागांचे देशीकरण सुरू झाले, तसतसा गुडगाव, मानेसर, धारूहेडा, बावल असा जयपूर रस्त्यालगतचा पट्टा कारखान्यांनी भरत गेला. पिस्टन पिन, डिफरन्शिअलचे बेव्हल गिअर, स्टीअरिंगचे रॅक, शॉक ॲब्सॉर्बरचे दांडे, हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड, ट्रॅक्टरचे पीटीओ शाफ्ट : यांतला जवळजवळ प्रत्येक जॉब आधी कठीण केला जातो आणि मग शेवटच्या मापाला आणला जातो. भोसरी-चाकणच्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. अनोळखी नाही ती त्यातली वाटणीही : फोर्जिंग एकाकडे, हीट ट्रीटमेंट दुसऱ्याकडे, ग्राइंडिंग तिसऱ्या जॉबवर्कवाल्याकडे.

या वाटणीत एक गैरसमज रुजतो. पोलादाचे गुण भट्टीत ठरतात आणि मशीन फक्त आकार देते, असे धरले जाते. प्रत्यक्षात कठीण पोलादावरचा शेवटचा कट हीसुद्धा एक हीट ट्रीटमेंटच असते. ती काही मिलिसेकंदांत होते, काही मायक्रॉन खोल जाते आणि तिचा तापमानाचा आलेख कोणत्याही फाइलला लागत नाही, एवढाच फरक.

ही दुसरी आच समजण्यासाठी पहिली समजून घ्यावी लागते. ईएन२४ हे उदाहरण सोयीचे आहे. हे नाव दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मानकाचे. ब्रिटनने ते पुढे सोडून ८१७एम४० असा नवा क्रमांक दिला, पण फरीदाबादच्या पोलाद दुकानात आजही ईएन२४ च मागावे लागते. यात सुमारे ०.४ टक्के कार्बन आणि जोडीला निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असते. ८२० ते ८५० अंशांना तापवले की त्याची रचना ऑस्टेनाइटची होते आणि तेलात बुडवताच मार्टेन्साइटची. हे नवे मार्टेन्साइट अतिशय कठीण आणि तितकेच ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा तापवून टेंपर करतात. सहाशे अंशांच्या आसपास टेंपर केले तर बळ हजार मेगापास्कलच्या आगेमागे राहते आणि चिवटपणा भरपूर मिळतो. दोनशे अंशांवरच थांबले तर बळ दीड हजारांच्या वर जाते. इथेच मेख आहे. कमी तापमानाला टेंपर केलेला भाग पुढे कधीही, क्षणभर का होईना, त्या तापमानाच्या बराच वर गेला तर तेवढ्या जागी तो पुन्हा टेंपर होतो. बळ जितके जास्त तितके टेंपरिंगचे तापमान कमी, आणि तितकीच मशीनिंगमधली उष्णता सोसण्याची मर्यादाही खाली.

भट्टीतून जॉब मशीनवर येतो तोही कोऱ्या कातडीने नव्हे. भट्टीतल्या हवेवर नियंत्रण नसेल तर पृष्ठभागातला कार्बन जळून जातो आणि वर एक मऊ थर राहतो. शिवाय तेलात बुडताना जॉब वाकतो, पीळ खातो. गिअरच्या दाताला ग्राइंडिंगसाठी प्रत्येक बाजूला ०.१ मिलिमीटर माल ठेवला असेल, पण दात एका अंगाला थोडा कलला असेल, तर चाक एका बाजूला जवळजवळ हवेत फिरते आणि दुसऱ्या बाजूला नेमल्यापेक्षा कितीतरी जास्त कापते. एकाच गिअरचे दोन-चार दात जळलेले आणि बाकीचे चांगले निघतात, त्यामागे अनेकदा हेच असते. दोष ग्राइंडरच्या माथी जातो, पण त्याचे मूळ क्वेंचिंगच्या टाकीत असते.

आता उष्णता. लेथवर धारदार इन्सर्ट पोलाद कातरून काढतो आणि निर्माण झालेल्या उष्णतेचा मोठा भाग चिपबरोबर निघून जातो. ग्राइंडिंगच्या चाकावरचा प्रत्येक कण मात्र बोथट कोनाचा असतो. तो कापण्याआधी घासतो, नांगरतो आणि मग कुठे चिप काढतो. त्यामुळे तेवढेच पोलाद काढायला लेथच्या मानाने बऱ्याचदा दहापट ऊर्जा लागते आणि साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या चाकाने तिचा निम्म्याहून अधिक हिस्सा जॉबमध्येच शिरतो. वेळ किती मिळतो ते पाहण्यासारखे आहे. २०० मिलिमीटर व्यासाचे चाक सरफेस ग्राइंडरवर ०.०२ मिलिमीटरचा कट घेत असेल तर चाक आणि जॉब यांचा स्पर्श सुमारे २ मिलिमीटर लांबीचा असतो. टेबल मिनिटाला १५ मीटर वेगाने सरकत असेल तर जॉबवरचा एखादा बिंदू त्या स्पर्शाखाली फक्त ८ मिलिसेकंद राहतो. एवढ्यात तो कित्येकशे अंश वर जाऊन परत येऊ शकतो.

कुलंट हे थांबवतो, पण एका हद्दीपर्यंतच. पाण्यात मिसळलेला कुलंट स्पर्शाच्या जागी साधारण १२० ते १३० अंशांवर उकळून वाफेचा पडदा तयार करतो. निव्वळ तेलाच्या बाबतीत ही मर्यादा ३०० अंशांच्या आसपास असते. पडदा तयार झाला की थंड करण्याचे काम एकदम कोसळते आणि तापमान उडी मारते. म्हणूनच जळण्याचा दोष हळूहळू वाढत जात नाही. शंभर जॉब ठीक निघतात आणि एकशे एकावा जळतो, मशीनवर कोणीही काहीही बदललेले नसताना.

तापमानाने उडी मारल्यावर काय होते ते तीन पायऱ्यांत पाहता येते. पृष्ठभाग टेंपरिंगच्या तापमानाच्या वर, पण सुमारे ७३० अंशांच्या खाली राहिला तर तो थर जास्त टेंपर होऊन मऊ पडतो. त्यावर गेला तर तिथे पुन्हा ऑस्टेनाइट होते आणि चाक पुढे सरकताच खालचा थंड जॉब त्याला तेलापेक्षाही वेगाने गार करतो. तयार होते ते नवे, टेंपर न झालेले मार्टेन्साइट : काही मायक्रॉनांपासून काही दशक मायक्रॉनांपर्यंत जाडीचे, काचेसारखे ठिसूळ, आणि नायट्रिक आम्लाने सहज न रंगणारे. सूक्ष्मदर्शकाखाली ते पांढरे दिसते, म्हणून त्याला पांढरा थर म्हणतात. त्याच्या लगेच खाली मऊ पडलेला काळपट पट्टा असतोच. कठीण कवच, त्याखाली मऊ गादी, त्याखाली मूळ पोलाद, अशी ही उतरंड कोणत्याही भट्टीवाल्याने मुद्दाम केली नसती. तिसरी पायरी भेगांची. कार्बन जास्त असलेल्या कातडीत, विशेषतः केस-हार्डन केलेल्या गिअरवर, त्या बहुधा ग्राइंडिंगच्या दिशेला आडव्या किंवा जाळीसारख्या पसरतात.

रचना बदलली नाही तरी मागे ताण राहतोच. तापलेली पातळ कातडी पसरू पाहते, खालचे थंड पोलाद तिला पसरू देत नाही, म्हणून ती दाबाखाली कायमची आखडते. गार झाल्यावर तीच कातडी आता आखूड पडते आणि खालचे पोलाद तिला ओढून धरते. परिणामी पृष्ठभागावर ताण कायमचा अडकून बसतो. जास्त टेंपर झालेले मार्टेन्साइट आकारमानाने किंचित आक्रसते, त्याने हा ताण आणखी वाढतो. उलट, उष्णता कमी आणि यांत्रिक दाबणे जास्त असेल तर पृष्ठभागात दाब राहतो आणि तो भेगांना मिटलेले ठेवतो. एकाच मशीनवर, एकाच पोलादात, चाक ताजे की बोथट एवढ्यावरून ताणाचे चिन्ह उलटू शकते.

सीबीएनच्या (क्यूबिक बोरॉन नायट्राइडच्या) इन्सर्टने ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल सी कठीणता) असलेल्या पोलादाचे थेट टर्निंग करण्याची पद्धत आता ग्राइंडिंगची जागा घेत आहे. धारदार इन्सर्ट पृष्ठभागाखाली बराच खोल, ग्राइंडिंगपेक्षा अधिक खोल, दाब ठेवून जातो. ही त्याची मोठी जमेची बाजू. पण इन्सर्टची धार झिजून बगलेवर ०.२-०.३ मिलिमीटरचा पट्टा पडला की तोच इन्सर्ट घासू लागतो आणि पांढरा थर सोडतो, वर ताण ठेवतो. इन्सर्ट महाग असल्याने तो ‘अजून मापात देतोय’ म्हणून चालवण्याचा मोह मोठा असतो. मापात देणे आणि कातडी सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कठीण टर्निंगमध्ये दुसरी पहिलीच्या बरीच आधी हातची जाते.

बाकी प्रक्रियांविषयी थोडक्यात. बोथट ड्रिल भोकाच्या भिंतीवर असाच थर सोडते, आणि तिथे डोळाही पोचत नाही, कुलंटही. डायच्या कामात वायरकट आणि स्पार्क मशीन पोलाद वितळवूनच काढतात. त्यामुळे पुन्हा गोठलेला, बारीक भेगांचा थर उरणारच, तो पॉलिशने काढण्याचे काम हिशेबात धरावे लागते. हार्ड क्रोम चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो. तो बाहेर काढण्यासाठी १९० अंशांच्या आसपास काही तास तापवले नाही तर ग्राइंडिंगने ताणलेली कातडी नंतर, कुठलाही जादा भार नसताना, तडकू शकते.

या सगळ्याची नोंद फार जुनी नाही. ग्राइंडिंगने होणारी इजा आणि तिचा थकव्याशी संबंध यांवर नॉर्टन या चाक बनवणाऱ्या कंपनीत तारासॉव्ह यांनी १९४० च्या दशकापासून काम केले. सिनसिनाटीच्या मेटकट संस्थेतल्या मायकेल फील्ड आणि जॉन काहल्स यांनी १९६४ मध्ये उच्च बळाच्या पोलादांवर याच दृष्टीने अहवाल लिहिला आणि पृष्ठभागाची अखंडता हा स्वतंत्र विषय म्हणून मांडला. त्यांच्या गटाच्या चाचण्यांत ५० एचआरसीच्या ४३४० पोलादाचे बेदरकार ग्राइंडिंग केल्यावर थकव्याची मर्यादा हळुवार ग्राइंडिंगच्या मानाने एक-तृतीयांशाहून जास्त घसरली. दोन्ही नमुने तेच पोलाद, तीच भट्टी. पोलादाबाहेरचे एक उदाहरणही इथे सांगितले पाहिजे. ६ जुलै १९९६ ला अमेरिकेतल्या पेन्साकोला इथे उड्डाण घेताना एमडी-८८ विमानाच्या इंजिनाचा टायटॅनियमचा फॅन हब फुटून दोन प्रवासी दगावले. तपासात भेगेचा उगम एका बोल्टच्या भोकाच्या भिंतीत सापडला. ड्रिलिंगच्या वेळी तिथली रचना बदलली होती आणि कारखान्यातल्या तपासणीत ती पकडली गेली नव्हती.

तपासणी हा या विषयाचा सर्वांत अडचणीचा भाग. ड्रॉइंगवर सहसा दोन आकडे असतात, एचआरसी आणि आरए, आणि दोन्ही कातडीला चुकवतात. रॉकवेलचा हिरा ५० एचआरसीला सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉन, कायमचा खोल जातो. २० मायक्रॉनांचा पांढरा थर त्याला जाणवतही नाही. आरए तर फक्त खडबडीतपणा सांगतो. उलट, आरए कमी मिळावा म्हणून चाक बारीक ड्रेस केले, म्हणजे त्याचे तोंड गुळगुळीत घासून घेतले, की कण बोथट राहतात, घासणे वाढते आणि आरशासारखा चकचकीत जॉब आतून जळतो. ०.४ चालेल तिथे ०.२ मागणारा डिझाइनर नकळत उष्णताच मागत असतो.

डोळ्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. पिवळट, तपकिरी, निळे डाग दिसले तर जळणे नक्की, पण शेवटच्या हलक्या फेऱ्यांनी रंग निघून जातो आणि इजा खाली राहते. म्हणून नायटलची चाचणी करतात : नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या सौम्य मिश्रणात जॉब बुडवला की मऊ पडलेली जागा काळी आणि पुन्हा कठीण झालेली जागा काळ्या कडेत पांढरी दिसते. गिअरसाठी आयएसओ १४१०४ हे मानक याचेच आहे. चाचणी स्वस्त आहे, पण नजरेवर अवलंबून आहे. बळ फार असलेल्या भागांना आम्लानंतर हायड्रोजन काढण्यासाठी तापवावेही लागते. १९१९ मध्ये हाइन्रिश बार्कहाउझेन यांनी शोधलेल्या चुंबकीय आवाजावर चालणारी उपकरणे जॉब न बिघडवता सेकंदांत निकाल देतात, मात्र ती सापेक्ष आहेत. चांगल्या आणि मुद्दाम जाळलेल्या नमुन्यांवर आधी बसवून घ्यावी लागतात. एक्स-रे विवर्तन खरा ताण मोजते, पण पोलादात ते वरच्या पाचेक मायक्रॉनांतलेच पाहते. खोली हवी तर एकेक थर विद्युत-रासायनिक पद्धतीने काढत जावे लागते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत देशाची मापनमानके सांभाळली जातात आणि प्रयोगशाळांना मान्यता देणारे एनएबीएल गुरुग्राममध्ये आहे. या दोहोंच्या साखळीला जोडलेले मापाचे आणि कठीणतेचे प्रमाणपत्र मानेसरच्या पुरवठादाराला सहज मिळते. जळण्याला मात्र एककच नाही.

त्यामुळे खरी मदार प्रतिबंधावर. कठीण जॉबला मऊ ग्रेडचे चाक लावावे, म्हणजे बोथट झालेले कण वेळेवर निखळतात. ड्रेसिंग जॉबच्या संख्येवर ठरवावे, कारागिराच्या अंदाजावर नव्हे. सीबीएनचे चाक उष्णता स्वतःच वाहून नेते, म्हणून ते महाग असूनही गिअर ग्राइंडिंगमध्ये टिकले. कुलंटची धार चाकाच्या वेगाने यायला हवी : सेकंदाला ३० मीटरसाठी नोझलवर सुमारे साडेचार बार दाब लागतो, तर पुष्कळ साध्या मशीनवर वाकड्या नळीतून कुलंट नुसता ओघळतो आणि फिरत्या चाकाभोवतीची हवाच त्याला बाजूला सारते. दिल्लीच्या मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा टाकीतले पाणी उडून मिश्रण घट्ट होते आणि वरून जड बोअरचे पाणी ओतत गेले की क्षार साचतात. इथे रिफ्रॅक्टोमीटर हे चैनीचे उपकरण नव्हे. अतिमहत्त्वाच्या भागांसाठी कमी ताणाचे ग्राइंडिंग करतात : चाकाचा वेग साधारण निम्म्यावर आणि शेवटचा पाव मिलिमीटर माल एका फेरीत ०.००५ ते ०.०१३ मिलिमीटर एवढाच. वेळ अर्थातच जास्त लागतो, आणि जॉबवर्कचा दर बहुधा नगावर ठरत असल्याने हे पाळले जाण्यासाठी ते ऑर्डरमध्येच लिहावे लागते : ठेवलेला माल, चाक, ड्रेसिंगचे अंतर, फेऱ्या, नायटलचे नमुने. एकदा सिद्ध झालेला क्रम परवानगीशिवाय बदलायचा नाही, ही विमान उद्योगातली शिस्त मोटारीच्या भागांनाही लावता येते.

शॉट पीनिंगने पृष्ठभागात दाब भरता येतो. जनरल मोटर्सच्या जॉन आल्मेन यांच्या नावाच्या पट्टीने त्याची तीव्रता मोजतात. पण पीनिंग चांगल्या कातडीला अधिक चांगली करते, जळलेल्या कातडीवर ते पांघरूण ठरते. जळालेल्या जॉबचे काय करायचे हे इजेच्या पायरीवर अवलंबून. फक्त मऊ पडलेला थर असेल आणि मापात माल शिल्लक असेल तर ताज्या चाकाने हलके ग्राइंडिंग करून, पुन्हा नायटल लावून, जॉब वाचवता येतो. पांढरा थर असेल तर नुसते पुन्हा टेंपर करून भागत नाही, कारण ठिसूळपणा कमी झाला तरी खालचा मऊ पट्टा तसाच राहतो. दोन्ही थर पूर्ण काढण्याइतका माल नसेल तर जॉब बाद. भेग दिसली, की तिची खोली मोजत बसण्यात अर्थ नाही. तो जॉब भंगारात जातो आणि त्याच चाकावर, त्याच ड्रेसिंगमध्ये निघालेला सगळा लॉट तपासणीसाठी बाजूला काढला जातो.